हात कुठे आखडायचा, हौस कुठे ठेवायची



शिमगा झाला, उन्हं तापायला लागली, की आमच्या गटात वाशीचा विषय निघतो. आम्ही पनवेलच्या पुढच्या गावांतल्या बाया. वर्षाचा मसाला करायचा तर मिरची, धणे, हळकुंडं आणि खडा मसाला वाशीच्या मसाला मार्केटातून आणायचा, अशी आमच्याकडे रीतच पडली आहे. सकाळची गाडी धरायची, दहा-बारा जणींनी मिळून जायचं, पोत्यात हात घालून मिरची बघायची, ठसका लागला तरी भाव सोडायचा नाही. येताना सगळ्यांचा माल एका टेम्पोत.

यंदा निघायच्या आधी आम्ही खर्चाची वही उघडून बसलो. एक म्हणाली, "बेडगी कमी करू. नुसत्या रंगासाठी एवढे पैसे कशाला?" दुसरी म्हणाली, "रंग नसेल तर कालवण घशाखाली उतरतं का? वर्षभर तेच खायचंय." बराच वेळ बेडगी, लवंगी, काश्मिरी असं चाललं होतं. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक जण हळूच म्हणाली, "मी माझ्यापुरतं दूध बंद केलंय. चहा कोराच घेते. भाजी उरली तर खाते, नाही तर मिरची-भाकर. तेवढेच पैसे वाचतात."

वाद तिथेच थांबला. कारण आमच्यातल्या बहुतेकींनी कधी ना कधी हेच केलेलं होतं आणि कुणी बोलली नव्हती.

म्हणून आज आम्ही हिशेबाच्या युक्त्या सांगणार नाही. घरखर्च कमी करायची वेळ येते तेव्हा कात्री कुठून लावायची, हे आपल्या आधीच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, कसं ठरवलं ते सांगणार आहोत. सुरुवात वाशीपासूनच करू.

आज वाशी म्हटलं की आपल्याला ट्रकांची रांग, हमालांची धावपळ आणि कांद्याच्या गोणी दिसतात. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी या पट्ट्यात भातशेती होती, मिठागरं होती आणि खाडीत मासेमारी होती. आगरी-कोळी माणसांची ही गावं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. पुढे मुंबईतले घाऊक बाजार इकडे यायला लागले. १९८१ मध्ये कांदा-बटाटा आला, नव्वदीच्या सुरुवातीला मसाला आणि धान्य आलं, १९९६ मध्ये भाजी आणि फळं आली. १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीपर्यंत लोकल आली.

जिच्या घरचा तांदूळ कणगीत असायचा, मासळी खाडीतून यायची, मीठ शेजारच्या आगरातून यायचं, तिला आता सगळंच विकत घ्यायची वेळ आली. हातात मोबदल्याचे पैसे होते, पण दर वर्षी पिकणारं शेत नव्हतं. जमिनीला योग्य मोल मिळावं म्हणून जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ मोठं आंदोलन झालं. दि. बा. पाटील त्याचे नेते होते. गोळीबारात पाच जणांचे जीव गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली.

हे सांगायचं कारण असं की या गावांबद्दल एक वाक्य बाहेरचे लोक सहज बोलतात. "पैसे आले आणि यांनी हळदीत उडवले." हळदीला खर्च होतो, आम्ही तो नाकारत नाही. त्याबद्दल पुढे बोलणारच आहोत. पण गरिबाचं घर बुडालं की दोष त्याच्या हौसेला द्यायचा, ही सवय फार जुनी आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिची चक्क सरकारी चौकशी झाली होती.

ती गोष्ट पुणे जिल्ह्यातली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज द्यायला लागले. युद्ध संपलं, भाव पडले. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. सावकारांनी कर्ज देणं आवरतं घेतलं आणि जुन्या कर्जासाठी जमिनीवर जप्ती आणायला सुरुवात केली. १२ मे १८७५ या दिवशी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. पुण्याच्या आणि नगरच्या कितीतरी गावांत तेच झालं, कागद जाळले गेले.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. शेतकरी कर्जात का बुडाला? साहेब लोकांचं उत्तर तयारच होतं, की लग्नं आणि सणवार यांत उधळतो म्हणून. पण आयोगानं हिशेब तपासले तेव्हा वेगळंच निघालं. लग्नाचा खर्च होतो, तो वहीत दिसतोही, पण कर्जाची सुरुवात क्वचितच तिथून होते, असं आयोगानं नोंदवलं. ठरलेल्या तारखेला भरायचा सारा, बेभरवशाचा पाऊस, आणि व्याजावर व्याज चढत जाणारी वही, हे सगळं मिळून कर्ज फुगत होतं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला, त्यात न्यायालयाला व्याजाचा हिशेब उकलून बघायची मुभा मिळाली.

मैत्रिणींनो, आपल्या वहीला हे लावून बघा. आमच्या गावाकडे अजून कुणी कुणी शेकडा पाचनं पैसे उचलतं. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभरावर पाच रुपये. ऐकायला थोडं वाटतं. पण १०,००० रुपये उचलले तर महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. आता दुसरीकडे बघा. दर आठवड्याला दहा रुपयांचा गजरा घेतला तर वर्षाचे होतात ५२० रुपये. घरात बोलणी कुणाला बसतात? गजऱ्याला. सहा हजारांबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते डोक्यात माळलेले दिसत नाहीत.

तेव्हा पहिली कात्री व्याजाला लावायची.

मग लग्नाचं काय? दख्खनचा उठाव झाला त्याच्या दीड वर्ष आधी पुण्यात एक लग्न लागलं होतं. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न झालं. वराचं नाव सीताराम, वधूचं राधा. भटजी नाही, दक्षिणा नाही, हुंडा नाही. नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले, सगळ्यांसमोर शपथा घेतल्या. पाहुण्यांना पानसुपारी. सावित्रीबाईंनी या लग्नात पुढाकार घेतला होता.

त्यांनी काय गाळलं आणि काय ठेवलं, हे नीट बघण्यासारखं आहे. दक्षिणा गाळली, देणंघेणं गाळलं, कर्ज काढून मिरवायचं गाळलं. हार ठेवले, माणसं जमवली, त्यांच्या हातावर पानसुपारी ठेवली. म्हणजे लग्नातला आनंद त्यांनी कापलाच नाही.

हळदीबद्दल आम्ही याच वाटेनं बोलतो. आमच्या गटात एकीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही तिच्या घरी जाऊन बसलो. तिला विचारलं, "या यादीतलं तुला स्वतःला काय हवंय?" ती म्हणाली, "धवलारीण हवी. हळद लावताना गाणी झाली पाहिजेत. आणि सगळ्या आयाबायांनी जेवून जावं." मग डीजे आणि मोठा मंडप कुणाला हवा होता? तिलाही नको होता, नवऱ्यालाही नको होता. भावकीत कमीपणा येईल म्हणून तो यादीत आला होता. डीजे गेला, धवलारीण राहिली. भावकीतल्या एक-दोघांनी तोंडं वाकडी केली. पण ते घर कर्जात पडलं नाही, आणि धवलारिणीची गाणी अजून गावात आठवतात.

आता सोन्याची गोष्ट. १९६२ मध्ये चीनबरोबर युद्ध झालं. संरक्षण निधीसाठी देशभरच्या बायांनी अंगावरचे दागिने काढून दिले. त्यानंतर लगेच, जानेवारी १९६३ मध्ये, सरकारनं सुवर्णनियंत्रणाचे नियम आणले. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. नवा दागिना १४ कॅरेटच्या वरचा घडवायचा नाही, असा हुकूम निघाला. लोकांनी सोन्याचा नाद सोडावा, हा हेतू. झालं काय? हजारो सोनारांची कामं गेली, चोरटा व्यापार वाढला आणि चौदा कॅरेटचा दागिना बायांच्या मनात काही उतरला नाही. तो नियम काही वर्षांतच सैल करावा लागला. १९६८ मध्ये केलेला सुवर्णनियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला.

ज्या बाया देशासाठी बांगड्या काढून देतात, त्याच बाया हुकूम आला तर सोनं का सोडत नाहीत? कारण सरकारच्या वहीत सोनं हौस होती आणि बाईच्या वहीत ती तिची बँक होती. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, तिच्या नावावर गळ्यातलं डोरलं आणि कानातलं. आजारपणात, मुलाच्या फीला, बी-बियाण्याला तेच मोडलं जातं. म्हणून कुणी सहज म्हणालं, "बायकांना दागिन्यांचा सोस फार," तर आपण विचारावं, की घराचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?

याचा अर्थ कर्ज काढून सोनं घ्यावं असा नाही. लग्नात मिरवायला म्हणून घेतलेलं, घडणावळीतच बरेच पैसे गेलेलं सोनं वेगळं आणि गाठीशी असावं म्हणून घेतलेलं साधं वळं वेगळं. एकच वस्तू एका घरात उधळपट्टी असते आणि दुसऱ्या घरात आधार असते. ते ज्या त्या घरातल्या बाईलाच ठाऊक असतं.

यानंतर आलं १९७२. तुमच्या घरातल्या आजींना तो दुष्काळ आठवत असेल. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गेलेल्या बाया, परदेशातून आलेली तांबडी मिलो, मुलांना मिळणारी सुकडी. गावात ही तऱ्हा, तर मुंबईत रॉकेल, साखर, तेल आणि रवा मिळेनासं झालं. मिळालं तर भाव परवडेना. तेव्हा घरोघरच्या बायांना उपदेश सुरू झाला, की काटकसर करा.

त्याच साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या. हातात लाटणी घेतली, थाळ्या वाजवल्या आणि हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. ज्यांनी कधी मोर्चा पाहिला नव्हता त्याही आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्ही अजून किती कापायचं? डब्यात काही उरलं असेल तर कापू ना! साठेबाजांच्या गोदामातली साखर बाहेर काढा, रेशनवर धान्य आणि तेल नीट द्या.

घरात जे कापता येतं ते आपण कापतोच. पण काही खर्च आपल्या स्वयंपाकघरात ठरत नाहीत. रेशनवर हक्काचं धान्य पूर्ण मिळालं नाही, तर ते बाजारातून घ्यावं लागतं आणि तो खर्च आपल्या वहीत चढतो. सरकारी दवाखान्यात औषध नसलं, तर तेही आपल्याच वहीत चढतं. त्या ओळीपुढे काटकसर लिहून भागत नाही. तिथे गटानं मिळून अर्ज लिहावा, ग्रामसभेत उभं राहून विचारावं.

शेवटची गोष्ट पुन्हा आपल्याला वाशीपर्यंत आणते. मुंबईच्या गिरणगावात हजारो खानावळी होत्या. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई गावाहून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण करून घालायची. कामगार साताऱ्याचे, कोकणातले. पगार झाला की ते पैसे द्यायचे. तोवर महिनाभर धान्य, तेल आणि मसाला बाई वाण्याकडून उधार आणायची आणि त्या उधारीवर जबर व्याज भरायची. पहाटे चारला उठून रात्री अकरापर्यंत राबायची आणि महिनाअखेर हाती काही उरायचं नाही. मग ती काय कापायची? स्वतःचं जेवण. वीस माणसांना भाकरी वाढणारी बाई स्वतः अर्धपोटी राहायची.

गोव्याच्या मुक्तिलढ्यात कोवळ्या वयात उतरलेल्या प्रेमाताई पुरव या बायांमध्ये काम करत होत्या. त्यांना दिसलं, की ही बाई काटकसरीत कुठेच कमी नाही, तिला कापायला काही उरलेलंच नाही. तिचं रक्त शोषतंय ते व्याज. १९७५ मध्ये त्यांनी मूठभर खानावळवाल्या बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. नुकत्याच राष्ट्रीयीकृत झालेल्या बँकांमध्ये गरिबांसाठी वर्षाला ४ टक्के व्याजाची योजना होती. ज्या बायांकडे तारण ठेवायला काही नव्हतं, त्यांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि बँक ऑफ बडोदाकडून कर्ज मिळवलं. वर्षाला शंभरावर चार रुपये! आमच्याकडच्या शेकडा पाचचे होतात साठ. ते चार त्यांनी वेळेवर फेडले. पुढे १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, गिरणगाव मोडलं, खानावळींचे गिऱ्हाईक गावाकडे परतले. पण ज्या बाया एकमेकींना धरून होत्या त्यांना पोळी-भाजी, पुरणपोळ्या आणि मसाले करून विकायची वाट सापडली. मंडळाचं केंद्र वाशीतही उभं राहिलं. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मैत्रिणींनो, त्या खानावळवालीचं अर्धपोटी राहणं आणि आमच्या मैत्रिणीचा कोरा चहा यांत पन्नास वर्षांचं अंतर आहे. पण कात्री त्याच ताटात चालली आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. याला एकटी काटकसर कारण नाही, हे खरं. पण स्वतःचं दूध, अंडं आणि पालेभाजी आधी सोडायची ही आपली रीत त्यात भर घालते. आणि बाई आजारी पडली की दवाखान्याचा खर्च दुधाच्या कितीतरी पट येतो. तेव्हा ही काटकसरसुद्धा होत नाही.

वाशीला जायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा वही घेऊन बसलो. आधी व्याजाची ओळ काढली. दोघींची बाहेरची कर्जं गटातून फेडायचं ठरलं, म्हणजे व्याज द्यायचं ते गटातच राहील. मग लोकांच्या नजरेसाठी केलेले खर्च शोधले. ते ज्या त्या बाईनं स्वतः सांगायचे, दुसरीनं बोट दाखवायचं नाही, असा नियम केला. कुणी टीव्हीचा हप्ता सांगितला, कुणी बारशाच्या साड्यांची देवघेव सांगितली. घरच्या पुरुषांच्या तंबाखूची आणि बाटलीचीही ओळ वहीत घातली, कारण तोही घरखर्चच आहे. त्याचा आकडा वाचून दाखवला तेव्हा सगळ्या जणी गप्प झाल्या. तो कमी करणं एका बैठकीत होत नाही, पण आता तो निदान लिहिलेला आहे.

आणि बेडगी? बेडगी ठेवली. एकत्र घेतल्यामुळे भाव जरा बरा पडला, टेम्पोचं भाडं वाटलं गेलं. हापूसचं मात्र असं ठरलं, की एप्रिलमध्ये पेटीकडे बघायचं नाही. मे सरत आला, पावसाची चाहूल लागली, की वाशीत भाव उतरतात. तेव्हा दोघी जाऊन सगळ्यांच्या वाटणीचे आंबे आणतील. हौस मोडली नाही, महिनाभर पुढे ढकलली. उशिराचा आंबा काही कमी गोड नसतो.

दूध सोडलेल्या मैत्रिणीच्या नावापुढे आम्ही वहीत एक ओळ लिहिली आहे: रोज अर्धा लिटर, त्यातला एक कप तिचा. दर बैठकीला ती ओळ वाचली जाते. ती लाजते, आम्ही वाचतो.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही वही उघडा. यंदा घरात काय कापलं, ते प्रत्येकीला विचारा. आणि मग हळूच विचारा, ते कुणाच्या ताटातलं होतं?